सफरचंदाचा गर घरच्या घरी

श्रावण लागला की बेळगावच्या फळबाजारात सफरचंदांचे खोके उतरू लागतात. आधी हिमाचलचा माल येतो, मग भाद्रपद-आश्विनात काश्मीरचा, आणि दिवाळी होऊन गेली की शीतगृहातला. दुकानात हे फळ आता बाराही महिने दिसते, परदेशचेही दिसते, त्यामुळे सफरचंदालाही हंगाम असतो हे आपण विसरत चाललो आहोत. झाडावरून उतरून पंधरवडा झालेले फळ आणि सहा महिने थंडीत ठेवलेले फळ यांच्या रसात व वासात फरक पडतो, तसा तो भावातही पडतो. ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचे दिवस हे सफरचंद घेण्याचे दिवस. ज्यास घरी गर करून ठेवायचा असेल त्याने ह्याच दिवसांत करावा.

हा विषय आम्ही ह्या पानावर का घेतला ते आधी सांगतो. आजाऱ्यास भेटायला जाताना सफरचंदे न्यायची, अशी आपल्याकडे रीतच पडली आहे. धर्मग्रामातील अंथरुणास खिळलेल्या वडीलधाऱ्यांना भेटावयास जातो तेव्हा उशाशी स्टुलावर तीन-चार लालभडक सफरचंदे हमखास दिसतात. आठवड्याने पुन्हा जावे तर तीच सफरचंदे तेथेच, साल सुरकुतलेली. आजोबांना दात नाहीत, आजीबाईंची कवळी हलते, आणि घरातल्या सुनेस वाटते की फळ पुढे ठेवले म्हणजे आपले काम झाले. शेवटी नातवंडे ती खातात किंवा कचऱ्यात जातात. चांगल्या भावाने घेतलेले फळ ज्याच्यासाठी आणले त्याच्या पोटात जाऊ नये, ही गोष्ट आम्हास फार दिवसांपासून खटकते. अर्धा तास चुलीजवळ उभे राहिले तर तेच फळ आजोबा चमच्याने आवडीने खातील.

इंग्रजी स्वयंपाकात ह्या शिजवलेल्या गरास अॅपल सॉस म्हणतात. सॉस म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढे टोमॅटोची बाटली उभी राहते, पण त्या सॉसशी ह्याचा संबंध नाही. हा जॅमही नव्हे, कारण जॅमात फळाच्या बरोबरीने साखर पडते. आणि मुरंबा तर नव्हेच. नुसती सफरचंदे थोड्या पाण्यात शिजवून घोटलेली, एवढेच हे प्रकरण. जर्मनीत बटाट्याच्या किसाच्या धिरड्यांबरोबर हा गर खातात, इंग्लंडात भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबर वाढतात. ज्यांच्या घरी सणावारी असे मांस भाजले जाते त्यांनी तो एकदा बरोबर घेऊन पाहावा. आंबटसर गर चरबीचा जडपणा बराच उतरवतो.

आता एक अडचण. इंग्रजी पुस्तकातली कृती जशीच्या तशी येथे चालत नाही. तिकडे शिजवण्याची सफरचंदे निराळी आणि हाताने खाण्याची निराळी. इंग्लंडातले ब्रॅमली हे शिजवण्याचे सफरचंद. साउथवेल गावी १८०९ साली एका मुलीने लावलेल्या बीपासून ते झाड झाले. ते इतके आंबट की कच्चे खाववत नाही, पण पातेल्यात पडले की लोण्यासारखे विरघळते. तेव्हा तिकडच्या कृतीत साखर भरपूर आणि लिंबू जवळजवळ नाही. आपल्या बाजारातले फळ नेमके उलटे आहे. ते गोड असते आणि आंबटपणात कमी पडते.

असे का झाले त्याचीही एक हकीकत आहे. कुलू खोऱ्यात कॅप्टन ली नावाच्या इंग्रजाने १८७० च्या सुमारास सफरचंदाची बाग लावली, पण त्या काळच्या इंग्रजी जाती आंबटाकडे झुकणाऱ्या होत्या आणि खालच्या मैदानातल्या गिऱ्हाइकाला त्या रुचत नसत. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे सॅम्युअल स्टोक्स हे तरुण गृहस्थ १९०४ साली सिमल्याजवळ सबाथू येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी आले व पुढे कोटगढ भागात स्थायिक झाले. त्यांनी १९१६ साली अमेरिकेतून रेड डेलिशस ह्या गोड जातीची रोपे आणून लावली आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाही लावायला दिली. पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत ते तुरुंगात गेले, १९३२ साली त्यांनी हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले. ते काही असो, डोंगरउतारावर बटाटा-गव्हावर गुजराण करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात पैसा खेळू लागला तो ह्या गोड लाल फळामुळे, आणि आपल्याकडे सफरचंद म्हणजे लाल व गोड हे समीकरणही त्यातूनच पक्के झाले.

तेव्हा आपल्याला कृती फिरवून घ्यावी लागते: साखर वगळायची आणि लिंबू घालायचे. एक किलो फळास एका लहान लिंबाचा रस पुरतो. साखर घालण्याची सवय मात्र काही भगिनींच्या हाताला इतकी जडलेली असते की चव पाहण्याआधीच डबा उघडला जातो. कृपा करून आधी चाखून पाहावे.

फळ निवडताना लाल रंगावर भुलू नये. गोल्डन डेलिशस हे पिवळे सफरचंद बाजारात मागे पडते, बहुधा लालपेक्षा स्वस्तही मिळते, पण शिजवायला तेच सरस; गर मऊ व एकजीव होतो. लाल डेलिशस शिजल्यावर किंचित रवाळ लागते. दोन्ही निम्मी निम्मी घेतली तर उत्तम. काश्मीरचे महाराजी हे आंबट सफरचंद कधी मिळालेच तर किलोत दोन टाकावीत, मग लिंबाचीही गरज राहत नाही. पेटीच्या तळाशी राहिलेली, आकाराने लहान किंवा वेडीवाकडी फळे विक्रेते संध्याकाळी कमी भावात देऊन टाकतात. गरासाठी तीच घ्यावीत. पातेल्यात आकार कोण पाहतो?

मात्र मार लागलेले फळ आणि सडलेले फळ यांत भेद करावा, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. आपटून एका जागी तपकिरी झालेले पण घट्ट असलेले फळ चालते. तेवढा भाग कापून टाकावा. ज्या फळावर बुरशी धरली आहे, ज्याचा डाग ओला व मऊ होऊन आत उतरला आहे, ज्यास कुबट वास येतो, ते संपूर्ण फेकावे. सफरचंदावरच्या निळसर हिरव्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचे विष तयार होते. ते डागाच्या भोवतीच्या चांगल्या दिसणाऱ्या भागातही पसरलेले असते आणि शिजवण्याने पुरते नाहीसे होत नाही. सफरचंदाच्या रसात ते किलोमागे ५० मायक्रोग्रॅमहून जास्त असू नये, असा आपल्या देशातही नियम आहे. "उकळले की सगळे मरते" ही आपली समजूत जंतूंच्या बाबतीत बरीच खरी असली तरी विषाच्या बाबतीत खरी नाही.

आता कृती. एक किलो सफरचंदे कोमट पाण्यात हाताने चोळून धुवावीत. वर मेणाचा पातळ थर असतो. खाण्यास परवानगी असलेलेच मेण लावतात, तरी धूळ त्याला चिकटते. चार फोडी करून मधला कडक भाग बियांसकट काढून टाकावा. लोखंडी विळीने चिरल्यास फोडी लवकर काळ्या पडतात, म्हणून स्टीलची सुरी घ्यावी, आणि चिरलेल्या फोडी लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकीत जावे. सालींचे दोन मार्ग आहेत. घरात पुरणयंत्र असेल तर साली काढूच नयेत. शिजल्यावर पुरणयंत्रातून गर फिरवला की साली वर राहतात, गर खाली उतरतो, आणि लाल सालीचा फिका गुलाबी रंगही त्यास येतो. सालीजवळच पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ जास्त असतो, त्यामुळे गर दाटही होतो. पुरणयंत्र नसेल तर साली आधीच काढाव्या व शिजल्यावर रवीने किंवा डावाने घोटावे.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात फोडी, अर्धी वाटी पाणी, लिंबाचा रस व चिमूटभर मीठ घालून वर झाकण ठेवावे. कल्हई उडालेले पितळेचे किंवा तांब्याचे भांडे घेऊ नये. आंबट पदार्थ त्यात कळकतो, आणि अॅल्युमिनियमही टाळलेले बरे. मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटांत फोडी बोटाने दाबल्या तर फुटतील इतक्या मऊ होतात. मधून दोनदा हलवावे, तळाला लागू देऊ नये. दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पहिल्यापासून घातला तर वास चांगला उतरतो. काहींना जायफळ आवडते. आजाऱ्यासाठी करायचा तर मसाला नकोच. घोटल्यावर पातळ वाटला तर झाकण काढून पाच मिनिटे आटवावा, पण जरा दूर उभे राहून, कारण हा गर उकळताना पिठल्यासारखा उडतो आणि हात भाजतो. किलोभर फळाचा साधारण तीन वाट्या गर होतो.

काही घरी घाईने फोडी थेट कुकरमध्ये टाकून शिट्ट्या काढतात. हे करू नये. सफरचंद शिजताना फेसाळते व तो फेस कुकरच्या शिट्टीच्या भोकात अडकण्याचा धोका असतो. कुकरच घ्यायचा तर भातासारखा झाकणाच्या डब्यात ठेवून, डब्यात पाणी न घालता दोन शिट्ट्या काढाव्यात आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. मिक्सर वापरणाऱ्या भगिनींना आणखी एक सूचना. बिया आत राहू देऊ नका. अख्खी बी चुकून गिळली तर ती तशीच बाहेर पडते, पण बिया वाटल्या गेल्या तर त्यांतल्या द्रव्यापासून सायनाइड हे विष सुटते. एकदोन बियांनी काही होत नाही. तरी किलोभर फळांच्या बिया वाटून लहान मुलास भरवण्याचे काहीच कारण नाही.

हा गर फ्रिजमध्ये झाकून आठवडाभर राहतो, खालच्या बर्फाच्या कप्प्यात नव्हे तर खोलगट थंडीच्या यंत्रात, म्हणजे डीप फ्रीझरमध्ये, दोनतीन महिनेही. बर्फ जमवण्याच्या साच्यांत ओतून वड्या कराव्यात. आजोबांना हव्या तेव्हा दोन वड्या काढून कोमट करून देता येतात. बाटल्या भरून बाहेर ठेवायच्या असतील तर जरा शिस्त लागते. झाकण घट्ट बसणाऱ्या, कड न फुटलेल्या अर्ध्या लिटरपर्यंतच्या काचेच्या बाटल्या दहा मिनिटे उकळून घ्याव्या. उकळता गर त्यांत वर अर्धा इंच जागा सोडून भरावा, स्वच्छ सुरी फिरवून हवेचे बुडबुडे काढावे, कड पुसून झाकण लावावे. मग खोल पातेल्यात तळाशी फडके घालून बाटल्या उभ्या कराव्या, झाकणांवर इंचभर पाणी येईल इतके गरम पाणी ओतावे आणि उकळी फुटल्यापासून वीस मिनिटे उकळू द्यावे. गोव्यात समुद्रकाठी पंधरा मिनिटे पुरतात. बेळगाव सुमारे अडीच हजार फूट उंचीवर असल्याने येथे पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते, म्हणून पाच मिनिटे जास्त. निवल्यावर झाकणाचा मध्य आत ओढला गेला पाहिजे. दाबल्यावर टकटक वाजत असेल तर ती बाटली फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावी. उघडताना फेस आला, वास बदलला, तर चव न पाहता टाकून द्यावी.

ही पद्धत सफरचंदाला चालते ती त्याच्या आंबटपणामुळे. बंद बाटलीत विष तयार करणारे बोटुलिझमचे जंतू अशा आंबटात वाढत नाहीत. तेव्हा त्यात गाजर, लाल भोपळा किंवा केळे घालून बाटल्या भरण्याची हौस करू नये. तशी मिश्रणे ताजी करावी व ताजीच खावी.

बालकांविषयी लिहिताना आम्हास जरा ठासून लिहावे लागते. सहा महिने पुरे होईपर्यंत बाळास आईचे दूधच, वरचे पाणीही नको. त्यानंतर सफरचंदाचा गर हे पहिल्या खाण्यांपैकी एक म्हणून चांगले. पण त्यात साखर, मीठ काही नको, आणि एक वर्षापर्यंत मध तर मुळीच नको, कारण मधातून ह्याच बोटुलिझमचे बीज बाळाच्या आतड्यात जाऊ शकते. दुसरे असे की नुसत्या सफरचंदावर मूल वाढत नाही. त्यात प्रथिने नाममात्र आणि लोहही तसेच. नाचणीच्या सत्त्वात किंवा मऊ मूगडाळ-भाताच्या जोडीला दोन चमचे गर, असे त्याचे स्थान. कच्च्या सफरचंदाची कडक फोड चार वर्षांच्या आतील मुलाच्या हाती देऊ नये. ती घशात अडकू शकते. शिजवलेल्या गराचा हा एक मोठा गुण आहे की तो अडकत नाही.

जुलाबात सफरचंद द्यावे असे जुनी माणसे सांगतात. ह्या सांगण्याला आधार आहे. जर्मनीतील हायडेलबर्गचे बालरोगतज्ज्ञ डॉ. एर्न्स्ट मोरो यांनी १९२९ साली मुलांच्या जुलाबावर किसलेल्या कच्च्या सफरचंदाचा आहार सांगितला होता, आणि पेक्टिनमुळे शौच घट्ट होण्यास मदत होते हेही खरे. पण जुलाब झालेले मूल दगावते ते शौच पातळ झाल्यामुळे नव्हे, अंगातले पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. ते पाणी सफरचंदाने भरून येत नाही. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, तेव्हा शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले असता डॉ. दिलीप महालनाबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तेव्हा घरात आधी हे करावे: उकळून निवलेले एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे ओआरएसची पुडी मिळाली तर तीच वापरावी. अंगावरचे दूध चालू ठेवावे, नेहमीचे खाणेही थोडे थोडे द्यावे, आणि डॉक्टरांना विचारून झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या कराव्या. मूल पेंगत असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी थांबली असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल तर गर शिजवत बसू नये, दवाखाना गाठावा. पाणी पोटात ठरू लागले की मग सफरचंदाचा गर खुशाल द्यावा, पथ्य म्हणून.

मधुमेह असलेल्यांनी हा गर बेताने घ्यावा. ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी १९७७ साली दहा निरोगी माणसांना एकदा अख्खी सफरचंदे, एकदा त्यांचा गर व एकदा नुसता रस दिला. साखरेचे प्रमाण तिन्ही वेळा सारखेच होते. अख्ख्या फळाने पोट सर्वांत भरल्यासारखे वाटले, रसाने सर्वांत कमी, आणि गर मध्ये राहिला. इन्सुलिनही गर व रस यांच्यानंतर जास्त चढले. म्हणजे ज्यास दात आहेत त्याने चावूनच खावे. गर ज्यास चावता येत नाही त्याच्यासाठी. बाटलीतला रस कोणासाठी, असे विचाराल तर विकणाऱ्यासाठी.

शेतकरी बंधू विचारतील, आपल्याकडेच सफरचंद लावले तर? डेलिशस जातीला हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी हजारभर तास लागते, ती बेळगावात कोठून येणार? कमी थंडीवर फळणाऱ्या जाती मात्र आहेत. इस्राएलची अॅना, बहामाची डॉर्सेट गोल्डन ह्या जुन्या. अॅनाला परागासाठी शेजारी डॉर्सेट लागते. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा यांनी काढलेली एचआरएमएन-९९ ही नवी. त्यांना त्याबद्दल २०२५ साली पद्मश्री मिळाली. इंडोनेशियात जावा बेटावर बातू येथे तर झाडांची पाने हाताने ओरबाडून झाडास कृत्रिम विश्रांती देतात व फळे घेतात. परसात दोन झाडे हौसेने लावावीत, त्यास आमची ना नाही. पण रोपे विकणारा एकराच्या उत्पन्नाचे आकडे सांगू लागला तर आधी त्याच्याच शेजारची पाच वर्षांची बाग पाहावयास मागावी, आणि ती पाहिल्यावाचून उसाचे रान मोडू नये.

शेवटी, ज्यांना सफरचंद परवडत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. शंभर ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व चार-पाच मिलिग्रॅम, आपल्या परसातल्या पेरूत दोनशेच्या वर. सफरचंदास मान आहे तो रंगाचा, दुरून येण्याचा आणि इस्पितळाच्या स्टुलाचा. गर पेरूचाही होतो, आणि कृती हीच. पिकलेले पेरू साली न काढता फोडी करून अर्ध्या वाटी पाण्यात दहा मिनिटे शिजवावे आणि पुरणयंत्रातून फिरवावे. बिया सगळ्या वर राहतात. शिजण्यात क जीवनसत्त्व काही उणे होते, तरी उरते ते सफरचंदाच्या कितीतरी पट असते. आजोबांना तो अधिक ओळखीचा लागेल.